ग्रंथालय कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण: तीन दिवसांची कार्यशाळा की आठवड्याला अर्धा तास?

तालिकाकार
वर्षातून एकदा तीन दिवस कार्यशाळा घ्यायची आणि प्रशिक्षण झालं म्हणायचं, ही पद्धत बंद करावी असं माझं ठाम मत आहे. मार्क (MARC) या पुस्तकांच्या संगणकीय नोंदपद्धतीची फील्ड्स, म्हणजे नोंदीतले रकाने, एकामागून एक सांगितली जातात. परतल्यावर महिनाभर नोंदी करायला मिळाल्या नाहीत की सगळं विसरतं. त्यापेक्षा दर आठवड्याला, दार उघडण्याआधी अर्धा तास, विषय एकच.

उदाहरण घ्या: ५१२.१५ आणि ५१२.२ हे वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा ठरवणारे विषयाचे आकडे. नवा माणूस पंधरा मोठे धरतो आणि ते पुस्तक ५१२.२ च्या नंतर लावतो. दशांशानंतर एकेक अंक वाचायचा असतो, १ हा २ च्या आधी. फळ्यावर हे कळतं, पण हातात बसत नाही. वर्गांकांच्या २० चिठ्ठ्या करा, त्यात असे ५ फसवे घाला, लावून घ्या आणि आठ दिवसांनी पुन्हा लावून घ्या. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा: तालिका (ग्रंथालयाची सूची) ‘उपलब्ध’ दाखवते आणि वाचक रिकाम्या हातानं परततो.

संदर्भकक्ष
चिठ्ठ्या मान्य. पण घरच्या घरी शिकवलं की घरच्या चुकाही पुढे जातात. इंग्रजी शीर्षकातला ‘द’ (The) क्रम लावताना वगळावा म्हणून २४५ या शीर्षकाच्या फील्डचा दुसरा निर्देशक, म्हणजे सुरुवातीची किती चिन्हं सोडायची ते सांगणारा अंक, ४ ठेवतात: तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा. तीच नोंद कॉपी करून मराठी पुस्तक चढवलं आणि ४ तसाच राहिला, तर शीर्षकाची पहिली चार चिन्हं सोडून क्रम लागतो. तिथे ० हवा. सगळेच कॉपी करून शिकले असतील तर ही चूक दाखवणार कोण? बाहेरचा जाणकार लागतोच.

शिवाय संदर्भसेवेला अर्धा तास पुरत नाही. वाचक विचारतो, “कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?” कपाट दाखवलं की बोलणं संपतं. “कशासाठी हवंय?” म्हटलं तर त्याला चौकशी वाटते. “कोणत्या बाबतीत बघताय?” म्हटलं की तो भाडेकराराचं सांगतो. ही वाक्यं जोडीजोडीनं, भूमिका बदलून, दिवसभर घोटून घ्यावी लागतात.

देवघेव
तुम्ही दोघंही वेळेपाशीच अडलात. शिकलेलं वापरायची मुभा आहे का? कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत कर्मचाऱ्याच्या प्रत्येक खात्याच्या परवानग्या वेगळ्या असतात. नोंद दुरुस्त करायला शिकवलं, पण तालिका संपादनाची परवानगीच दिली नाही, तर चूक दिसली की वर चिठ्ठी पाठवण्यापलीकडे हातात काही नाही. दोन-तीन चिठ्ठ्यांना उत्तर आलं नाही की माणूस चुका बघणंच सोडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं: पगार आणि सोयी कमी पडल्या तर नाराजी येते, पण उमेद येते ती जबाबदारीतून आणि कामाची दखल घेतली जाण्यातून.

तालिकाकार
सरसकट परवानगीला माझा विरोध आहे. एकगठ्ठा बदलात शेकडो नोंदी एकदम बिघडतात. एकेक नोंदच दुरुस्त करू द्या आणि पहिल्या ५० दुरुस्त्या तपासा.

देवघेव
चालेल. पण तपासणार कोण आणि किती दिवसांत, हे आधी लिहून ठेवा. नाहीतर त्या ५० वर्षभर पडून राहतील.

वाचनकक्ष
हर्झबर्ग पुढे करून पगार बाजूला सारू नका. दर सहा महिन्यांनी करार संपणाऱ्या माणसाला जबाबदारी वाढवून दिली तर ते त्याला ओझंच वाटणार. आणि तो गेला की वर्गांकांच्या चिठ्ठ्यांपासून पुन्हा सुरुवात.