गाडीत आठ स्पीकर आणि गायिका उजव्या गुडघ्यापाशी

पाचपाखाडीकर
काल इथे एक पोस्ट चांगलीच गाजली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपनीचे पुढचे स्पीकर आहेत तसे राहू द्या, पार्सल ट्रेवर, म्हणजे डिकी झाकणाऱ्या मागच्या फळीवर, दोन 6×9 इंची ओव्हल (लंबगोल) स्पीकर टाका, मागच्या दारांत आणखी दोन, डॅशच्या कोपऱ्यात चिकटवायचे दोन ट्वीटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर), झाली सिस्टिम. शेवटी वर टोला: "प्लेसमेंट वगैरे यूट्यूबवाल्यांची थेरं आहेत, कानाला काय कळतंय." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

कानाला कळतं हो. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. ड्रायव्हरच्या डोक्यापासून उजव्या दारातला स्पीकर धरा 80 सेंटिमीटरवर, डाव्या दारातला 130 वर. 50 सेंटिमीटर जास्त म्हणजे डावीकडचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा येतो. हे क्षुल्लक वाटत असेल तर ऐका: बाजूने आलेला आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानापर्यंत जायला जो वेळ घेतो तो पाऊण मिलिसेकंदसुद्धा नसतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा सांगतो. आधी आला तो आवाज खरा, मागून आलेला त्याचाच भाग, असं तो धरून चालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने यावर 1949 मध्ये प्रबंध लिहिला, तेव्हा यूट्यूब नव्हतं.

म्हणून गायिका समोर काचेवर न दिसता उजव्या गुडघ्यापाशी बसून गाते. बॅलन्स डावीकडे सरकवून पाहा, आवाजाची पातळी सारखी होईल, वेळ नाही होणार. आणि त्यात मागे दोन दणदणीत ओव्हल घातले की गडकरी रंगायतनमध्ये नाटक बघताना मागच्या खुर्चीतला माणूस नटाचीच वाक्यं आपल्या मानेत म्हणतोय असं होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे पुढच्या दोन दारांत घाला. चांगला कंपोनंट सेट (खालच्या सुरांचा वूफर आणि ट्वीटर सुटे असलेला), ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनात, दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून शीट लावून डँप केलेला, जवळच्या स्पीकरला डिले देता येईल, म्हणजे त्याचा आवाज मुद्दाम उशिरा सोडता येईल, असं हेड युनिट (डॅशमधला प्लेयर). मागे काहीही नसलं तरी चालेल. स्पीकर विकत घेण्याआधी टेप घेऊन गाडीत बसा आणि अंतरं मोजा. दुकानदार हे कधीच सांगणार नाही, कारण त्याला आठ विकायचे असतात.

घोडबंदरपीडित
ती पोस्ट माझी. थेरं म्हटलं होतं, परत म्हणतो.

साहेब, तुम्ही गाडी चालवता कुठे? मी रोज माजिवड्याहून गायमुखकडे. मेट्रोचे खांब, पत्रे, खड्डे, ट्रेलर, शेजारी हॉर्नवर हात ठेवून बसलेला टेम्पो. एसीचा पंखा तीनवर. या गोंगाटात तुमची ती गायिका काचेवर बसली की बॉनेटवर, कोण बघतंय? मला आवाज भरलेला हवा, बास.

आणि दुसरं. माझ्या गाडीत मागे आई-बाबा आणि मुलगी बसते. तुमच्या योजनेत त्यांनी काय करायचं, पुढच्या सीटची पाठ बघत डुलायचं? सगळं गणित एका खुर्चीसाठी! डिले दिल्यावर शेजारच्या सीटवर बायकोला काय ऐकू येतं, विचारलंत कधी?

सीवूड्सकर
+1 पाचपाखाडीकर. एक भर. मागचे स्पीकर अगदी काढून फेकायची गरज नाही, फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटून देणारं सेटिंग) पुढे ठेवला की झालं. आणि "50×4 वॅट" असं खोक्यावर छापलेलं हेड युनिट सलगपणे देतं चॅनेलमागे 15-20 वॅट. त्याच्यावर मोठे ओव्हल लादून "भरलेला आवाज" येत नाही, फाटलेला येतो.

किक पॅनलबद्दल मात्र लिहायला हवं होतं. पायांजवळ कोपऱ्यात स्पीकर बसवले तर दोन्ही बाजूंची अंतरं बरीच जवळ येतात, डिलेशिवायही आवाज मध्ये येतो.

पाचपाखाडीकर
मुद्दाम नाही लिहिलं. किक पॅनलचं वेड अमेरिकेतून आलंय. तिथे ड्रायव्हर डावीकडे, त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात डावा पाय नुसता टेकलेला असतो. आपल्याकडे बाहेरच्या कोपऱ्याला लागून अॅक्सिलरेटर. बूट अडकेल तिथे. बऱ्याच गाड्यांत बॉनेटचा खटका पण तिथेच. त्या जागी फायबरचा पॉड बसवणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही.

सीवूड्सकर
हे बरोबर आहे. लहान गाडीत जागा नाहीच.

ऐरोलीकरीण
दाराचं डँपिंग म्हणालात म्हणून विचारते, कारण माझा अनुभव वाईट आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका दुकानात चारही दारं करून घेतली. आवाज खरंच सुधारला, दार लावलं की "ठप्" असा भारी आवाज येतो. पण पहिल्याच पावसाळ्यात डाव्या दारात पाणी. वळणावर गाडी झुकली की आत डबडब ऐकू येतं! आता पायाखालचं मॅटिंग ओलं आणि गाडीला कुबट वास. दुकानवाला म्हणतो, "मॅडम, काचेचं रबर गेलंय, आमचा संबंध नाही." रबर खरंच जातं का दोन वर्षांत?

जुना_रेडिओ
ताई, रबर चांगलं असलं तरी दाराच्या आत पाणी जातंच. काचेची बीडिंग पाणी थोपवायला नसते, निथळवायला असते. पाणी काचेवरून आत उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. तुमच्या माणसाने बुटाइल शीट (डँपिंगची चिकट रबरी शीट) खालच्या कडेपर्यंत दाबून चिकटवली आणि भोकं बुजवली. वाकून दाराची खालची शिवण बघा, तारेने मोकळी करा, आत्ताच्या आत्ता भांडंभर पाणी पडेल.

मॅटिंग ओलं होण्याचं कारण वेगळं. ट्रिमच्या, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या, आत कंपनीचा प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडून टाकला असणार. फाडला तर त्या जागची सगळी भोकं शीटने नीट बंद करायची असतात. अर्धवट केलं की पाणी केबिनमध्ये.

सीवूड्सकर
शिवाय स्पीकर ज्यावर बसतो ती रिंग बघा. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) असेल तर आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगून बिस्किटासारखी सुटते. एबीएस किंवा एचडीपीई प्लास्टिकची घ्यायची.

जुना_रेडिओ
एमडीएफला वॉर्निशचे तीन हात नीट दिले तर काही होत नाही. माझी आहे अजून.

सीवूड्सकर
वॉर्निश स्क्रूच्या भोकात जातं का? तिथूनच फुगते. खाडीच्या काठी राहतो मी, लोखंडी बिजागऱ्या टिकत नाहीत, तुमचा भुसा कुठला टिकतोय.

जुना_रेडिओ
भुसा! बरं. मी कॅसेटच्या जमान्यापासून गाड्यांत स्पीकर बसवतोय, तुम्ही एचडीपीई हा शब्द ऐकला त्याच्या आधीपासून. रिंग काढून फोटो टाकू?

सीवूड्सकर
टाका की. आणि खालची बाजू पण दाखवा, नुसती वरची नको.

मॅकॅनिक_नाही
रिंगवरून मारामारी चाललीये आणि महत्त्वाचं कोणी बोलत नाही. काही गाड्यांत पुढच्या दाराच्या पोकळीत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की पत्रा आत दबतो, दाब वाढतो, त्यावरून साइड एअरबॅगचा निर्णय होतो. दाराला नवी भोकं पाडली किंवा आतली हवाबंद रचना बदलली तर त्याचा अंदाज चुकू शकतो. दाराला हात लावण्याआधी मॅन्युअल वाचा.

तसंच ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेशेजारचा खांब. कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर तिची घडी आणि नळी त्या ट्रिममागे असते. ट्वीटरची वायर तिच्यावरून ओढून टाय मारणारे कारागीर पाहिलेत मी डोळ्यांनी.

घोडबंदरपीडित
म्हणजे आता आवाजासाठी दार उघडलं तर पाणी, बंद केलं तर एअरबॅग. माझे पार्सल ट्रेवरचे ओव्हल कसे वाटतायत आता? ना पाणी, ना सेन्सर. 😄

पाचपाखाडीकर
हॅचबॅकचा ट्रे ना तो? दोन दोऱ्यांवर लटकलेला. ब्रेक जोरात लागल्यावर ते लोखंडी चुंबक तुमच्या मुलीच्या डोक्यामागून येणार आहेत. त्याबद्दलही हसून दाखवा.

घोडबंदरपीडित
मुलीला मध्ये आणायची गरज नव्हती.

पाचपाखाडीकर
तुम्हीच आणलीत पहिल्या उत्तरात. मी फक्त वजन सांगितलं.

कोपरखैरणे_सेक्टर
सगळे कानाबद्दल बोलताय, आमच्या कानांचं काय? आमच्या रांगेत एक पोरगा रोज रात्री अकराला डिकीतल्या सबसकट (ठेक्याच्या मोठ्या स्पीकरसकट) येतो. गाडी वळणावर दिसायच्या आधी खिडकीची तावदानं सांगतात. रात्री 10 ते सकाळी 6, निवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा आहे, नियम 2000 सालापासून. ते वाचलंय का कोणी तुमच्यातलं? आधी प्लेसमेंट तुमच्या घराच्या दारापासून लांब करा.

ऐरोलीकरीण
हा धागा त्याबद्दल नाहीये हो.

कोपरखैरणे_सेक्टर
मग कुठला धागा त्याबद्दल आहे? सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं तर "काका, गणपतीत तुम्हीच नाचता" म्हणतात.

सीवूड्सकर
काकांचं म्हणणं थोडं घेतो, पण वेगळ्या अंगाने. त्या पोराचा अर्धा आवाज सबचा नाही, पत्र्याचा आहे. 80 हर्ट्झची लहर सव्वाचार मीटर लांब, गाडीच्या केबिनपेक्षा मोठी. तेवढ्या खालचा आवाज कुठून येतोय ते कान सांगू शकत नाही, म्हणूनच सब डिकीत ठेवला तरी ठेका पुढून आल्यासारखा वाटू शकतो. घात करते ती नंबर प्लेट. ती खडखडली की कळतं, सब मागे आहे. प्लेटमागे फोमची टेप लावा, डिकीच्या झाकणाला आतून दोन शीट मारा. बाहेरची खडखड कमी, आतला ठेका पुढे.

कोपरखैरणे_सेक्टर
खडखड कमी म्हणजे धाडधाड शिल्लकच ना? धन्यवाद.

जुना_रेडिओ
फोटो टाकलाय रिंगचा, दोन्ही बाजूंनी. बघा, फुगलीये का.

सीवूड्सकर
कडेला काळपट दिसतंय ते काय?

जुना_रेडिओ
वॉर्निश.

सीवूड्सकर
असेल. ठीक आहे, तुमची टिकली. तुमच्यासारखे तीन हात कोण देतो, दुकानात नुसती कापून ठोकतात.

मॅकॅनिक_नाही
मूळ वादावर येऊ का? मागे माणसं बसणार असतील तर मागे स्पीकर हवेत, यात पाचपाखाडीकरांनी एवढं ताणायचं कारण नाही. मागच्या दारांत साधे कोअॅक्सियल (वूफर-ट्वीटर एकातच), आवाज पुढच्यापेक्षा बराच खाली, जमलं तर थोडा डिले देऊन. पुढच्याला पुढूनच ऐकू येतं, मागच्यांनाही पोचतं. आणि डिलेच्या बाबतीत घोडबंदरवाले चूक नाहीत. ड्रायव्हरसाठी लावला की शेजारच्या सीटवर सगळं डाव्या दाराला जाऊन चिकटतं. म्हणून दोन मेमरी ठेवायच्या, एकटे असताना एक, सगळे असताना डिले बंद.

पाचपाखाडीकर
मागच्या दारांत, हळू आवाजात. चालेल. ट्रेवर ओव्हल, तेही पुढच्यापेक्षा मोठ्याने, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. वाशीच्या पुलावर खिडक्या वर करून ऐकून बघा, भाषणासारखी ध्वनिमुद्रणं तर समजतच नाहीत.

घोडबंदरपीडित
तुम्ही परवानगी दिलीत, भरून पावलो. मागच्या दारांतले मी पोस्टमध्ये लिहिलेच होते, वाचलं असतंत तर धागा निम्मा झाला असता.

पण त्या चिकटवायच्या ट्वीटरचं खरं सांगतो. डॅशच्या कोपऱ्यात, तोंड काचेकडे, असे दुकानदाराने लावून दिले आणि "स", "श" कानात टोचतात. आई म्हणते बाई शिट्टी मारतेय. हे जागेमुळे की माल हलका?

सीवूड्सकर
दोन्ही असू शकतं, पण आधी जागा बघा. काचेवर आदळून आलेला आवाज सरळ आलेल्या आवाजात अगदी थोड्या उशिराने मिसळतो, काही सूर वाढतात, काही गायब होतात. शिवाय वूफर दाराच्या तळाशी, ट्वीटर तिथून पाऊण मीटर वर. 3 किलोहर्ट्झला लहर फक्त 11 सेंटिमीटरची, दोघांचं जमणार कसं? मग "स" वरून येतो आणि उरलेला शब्द गुडघ्यापाशी राहतो. आरशाच्या तिकोनात हलवा, तोंड समोरच्या दोन सीटांच्या मधल्या जागेकडे ठेवा, पातळी दोन-तीन डेसिबल खाली.

घोडबंदरपीडित
तिकोन कापावा लागेल? गाडी वॉरंटीत आहे.

मॅकॅनिक_नाही
आधी बघा, तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये ट्वीटर येतो का. येत असेल तर त्याच्या जाळीवाला तिकोन स्पेअरमध्ये सुटा मिळतो, क्लिपांवर बसतो. जुना काढून कपाटात ठेवायचा. वायरी कापू नका, जोडायचा तयार कपलर घ्या.

घोडबंदरपीडित
हे पहिल्याच उत्तरात कोणी सांगितलं असतं तर हास साहेबांपर्यंत जावं लागलं नसतं. शनिवारी विचारतो पार्टवाल्याला. ओव्हल राहणार, सांगून ठेवतो.

ऐरोलीकरीण
जुना_रेडिओ काका, भोकं मोकळी केली. भांडंभर नाही, अर्धी बादली आली. वास जात नाहीये, त्याचं काय?

जुना_रेडिओ
ट्रिम परत काढा, आतला स्पंज भिजला असेल तर फेकून द्या, सुकवत बसू नका. दोन दिवस दार उघडं ठेवून पंखा लावा. आणि बॅटरीची वायर आधी काढा, नाहीतर केबिनचा दिवा जळत राहून गाडीच सुरू होणार नाही.