वीज जाऊन आल्यावर लिनक्स संगणकाचे चित्र येते, पण एचडीएमआयमधून आवाज येत नाही

खानापूरवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. खानापूरच्या घरी दिवाणखान्यात एक जुना इंटेल डेस्कटॉप संगणक डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि कोडी (चित्रपट व ध्वनिफिती चालवणारा प्रोग्राम) बसवून खास नाटके, कीर्तने व चित्रपट यांसाठी ठेवला आहे. संगणकाची एचडीएमआय केबल ऑडिओ रिसीव्हरला आणि तिथून दुसरी केबल टीव्हीला जाते. एरवी सारे व्यवस्थित चालते. परंतु पावसाळ्यात आमच्या भागात वीज वारंवार जाते, आणि ती परत आल्यावर पडद्यावर चित्र दिसते, आवाज मात्र येत नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयचे नावच नसते, फक्त ॲनालॉग आउटपुट दिसते, आणि हेडफोन लावल्यास त्यातून आवाज स्वच्छ ऐकू येतो. दोन्ही केबल बदलून पाहिल्या, फरक पडला नाही. आईची दृष्टी अधू झाल्यामुळे ती नाटक पाहण्यापेक्षा ऐकतेच अधिक, म्हणून हा दोष मला कायमचा दूर करायचा आहे. '.एसाउंडआरसी' ही फाइल लिहून एचडीएमआयची सक्ती करावी, असा सल्ला अनेक ठिकाणी वाचला. तो मानावा का?

शहापूर_बेळगाव

ती फाइल तूर्त लिहू नये, असे मी आग्रहाने सुचवतो. अल्सा (लिनक्सची ध्वनियंत्रणा) वापरणाऱ्या प्रोग्रामने आवाज कोणत्या कार्डाकडे पाठवावा एवढेच ती सांगते. समोरचे उपकरण आवाज स्वीकारते हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ठाऊकच नसेल, तर तिचा काहीही उपयोग होत नाही. उलट पुढे दोष शोधताना ती जुनी फाइल विसरली जाते आणि नवाच गोंधळ निर्माण होतो.

चित्र येते म्हणजे आवाजही जात असणार, हे गृहीत धरता येत नाही. केबल जोडताच ग्राफिक्स ड्रायव्हर समोरच्या उपकरणाकडून ईडीआयडी नावाची माहिती वाचतो. तिचा पहिला भाग १२८ बाइटांचा असून चित्र दाखवण्यास तो पुरेसा असतो. ते उपकरण आवाज स्वीकारते का, किती चॅनेल आणि कोणते फॉरमॅट चालतात, ही माहिती मात्र त्यापुढच्या विस्तारित भागात असते. तो भाग वाचला गेला नाही, तर ड्रायव्हर समोर साधा डीव्हीआय (केवळ चित्राची जोडणी असलेला) मॉनिटर आहे असे समजतो, चित्र पाठवतो आणि ध्वनी बंद ठेवतो. भाग नीट मिळाला, तर त्यातील ध्वनीची माहिती ईएलडी या रूपात साउंड ड्रायव्हरकडे जाते.

म्हणून दोष दिसत असतानाच, संगणक पुन्हा सुरू न करता, दोन गोष्टी पाहाव्यात. '/प्रॉक/एसाउंड' मध्ये आपल्या कार्डाचे फोल्डर असते आणि त्यात 'ईएलडी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली असतात. त्या 'कॅट' आदेशाने वाचल्यावर 'मॉनिटर प्रेझेंट' आणि 'ईएलडी व्हॅलिड' या ओळी दिसतील. एकाच फाइलीत दोन्हींपुढे १ असणे पुरेसे आहे, कारण उरलेल्या फाइली रिकाम्या पोर्टांच्या असतात. सगळीकडे ० असेल, तर '/सिस/क्लास/डीआरएम' मध्ये आपल्या एचडीएमआय पोर्टाच्या नावाखाली असलेली 'ईडीआयडी' फाइल किती बाइटांची आहे ते 'डब्ल्यूसी' आदेशाने मोजावे. फाइलींच्या यादीत तिचा आकार नेहमी शून्यच दिसतो, म्हणून तो आकडा विश्वासार्ह नाही.

ईएलडीमध्ये १ आढळल्यास दोष वरच्या थरात आहे. तेव्हा अल्सामिक्सरमध्ये एफ६ दाबून कार्ड निवडावे, 'एस/पीडीआयएफ' या पट्ट्यांखाली 'एमएम' (आवाज बंद असल्याची खूण) दिसत असेल तर एम दाबून ते काढावे, आणि मग पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कार्डाचा प्रोफाइल एचडीएमआयचा आहे का ते पाहावे.

खानापूरवासी

मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी वीज गेली आणि परत आल्यावर लगेच तपासले. सर्व ईएलडी फाइलींत ० होते आणि ईडीआयडी १२८ बाइटांचीच निघाली. रिसीव्हर पूर्ण सुरू असताना एचडीएमआय केबल काढून पुन्हा लावली, तेव्हा ती २५६ बाइटांची झाली आणि आवाजही आला. एक गोष्ट प्रश्नात सांगायची राहिली होती: संगणक आणि टीव्ही इन्व्हर्टरवर आहेत, रिसीव्हर मात्र थेट विजेवर आहे.

निपाणीकर_लिनक्स

मग कारण स्पष्ट आहे. वीज गेल्यावर रिसीव्हर बंद पडतो आणि संगणक चालूच राहतो. वीज येऊन रिसीव्हर जागा होताना तो जोडणीचा संकेत लवकर देतो, पण ईडीआयडी पूर्ण पुरवण्याची त्याची तयारी झालेली नसते, आणि ड्रायव्हर नेमका त्याच क्षणी वाचन करतो. आमच्याकडेही असाच संच आहे व त्यावर पुढील उपाय टिकला आहे.

आवाज चालू असताना ती २५६ बाइटांची ईडीआयडी '/लिब/फर्मवेअर/ईडीआयडी' या फोल्डरमध्ये एका नावाने जतन करावी. त्याआधी 'ईडीआयडी-डीकोड' या साधनाने तीत ऑडिओ डेटा ब्लॉक आहे याची खात्री करून घ्यावी, कारण अपुरी प्रत जतन केली तर दोषच कायम होईल. त्यानंतर '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' (ग्रब म्हणजे बूट करणारा प्रोग्राम) मधील कर्नलच्या ओळीत 'डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर' या पर्यायापुढे पोर्टाचे नाव व फाइलीचा मार्ग द्यावा आणि 'अपडेट-ग्रब' चालवावे. इथून पुढे कर्नल रिसीव्हरला न विचारता याच फाइलीवर विसंबतो. त्याच ओळीत 'व्हिडिओ' पर्यायात पोर्टाच्या नावापुढे अपूर्णविराम (:) व इंग्रजी ई जोडल्यास रिसीव्हर बंद असतानाही जोडणी चालू धरली जाते, आणि पाइपवायर या आवाज हाताळणाऱ्या सेवेतून एचडीएमआय नाहीसे होत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमधूनच (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल-संचातूनच) सुरू होत असेल, तर ती फाइल तिथेही समाविष्ट करावी लागते. अन्यथा बूट होताना ती सापडत नाही.

रिसीव्हरही इन्व्हर्टरवर घ्यावा असे वाटणे साहजिक आहे, परंतु त्याच्या मागील बाजूस लिहिलेले वॅट पाहिल्याखेरीज तसे करू नये. संगणक थेट विजेवर आणणे तर मला मुळीच योग्य वाटत नाही. दर वेळी अचानक बंद पडल्याने डिस्कवरील माहितीला धोका पोहोचतो.

शहापूर_बेळगाव

निपाणीकरांच्या उपायाला एक पुस्ती जोडतो. पुढे रिसीव्हर किंवा टीव्ही बदललात, तर जतन केलेली ईडीआयडी काढून नवी घ्यावी लागेल, कारण जुन्या फाइलीमुळे कर्नल नव्या उपकरणाला न पेलणारे रिझोल्यूशन किंवा ध्वनी फॉरमॅट पाठवू शकतो. तसेच कोडीमध्ये ध्वनीच्या आउटपुटची स्वतंत्र निवड असते. वीज नसताना कोडीने ॲनालॉग निवडून ठेवले असेल, तर तिथे एकदा एचडीएमआय पुन्हा निवडावे लागेल.