वीजदराला सुनावणी, मग रिॲक्टरच्या लायसन्सला का नाही?

ऐरोलीकर_मूळचा_बोईसरचा

दिवाळीची साफसफाई चालली होती, कपाटाच्या खणात घातलेला जुना पेपर काढला तर त्यावर महावितरणच्या वीजदराची जाहीर सूचना. हरकती-सूचना अमुक तारखेपर्यंत पाठवा, सुनावणी अमुक ठिकाणी वगैरे. बायको म्हणाली वाचत बसू नको, फडकं मार. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

म्हणजे बघा, युनिटमागे काही पैसे वाढवायचे तर २००३ च्या वीज कायद्यानुसार कंपनीला अर्ज छापावा लागतो, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात आणि मग वीज नियामक आयोग १२० दिवसांत आदेश देतो. आणि तीच वीज ज्या रिॲक्टरमधून येते त्याच्या लायसन्सची अट बदलली किंवा मुदत वाढवली तर तारापूर अणुवीज केंद्राजवळ बोईसरला राहणाऱ्या माझ्या आईला आधी कोणी विचारतं का?

तारापूरचे पहिले दोन रिॲक्टर ऑक्टोबर १९६९ पासूनचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे. मूळ २१० मेगावॉटचे, पुढे स्टीम जनरेटरच्या नळ्यांनी त्रास दिला म्हणून १६० वर आणले. लायसन्स पाच-पाच वर्षांचं, दर दहा वर्षांनी मोठा सेफ्टी रिव्ह्यू. हे सगळं अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणजे एईआरबी करतं, अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात बसून. जनसुनावणी आपल्याकडे प्रकल्प उभा राहायच्या आधी, पर्यावरण मंजुरीच्या वेळी, २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या) अधिसूचनेप्रमाणे. तारापूर १-२ च्या वेळी तर तसला काही प्रकारच नव्हता.

प्रत्येक नटबोल्टसाठी मांडव घाला असं मी म्हणत नाही. पण मुदतवाढ, क्षमता बदल, सेफ्टीच्या मर्यादेत फरक, एवढं तरी मराठीत छापा, ३० दिवस हरकती घ्या आणि उत्तर लेखी द्या. बोला आता.

घोडबंदरचा_खड्डा

आमच्या रस्त्याच्या हरकती तीन वर्षं पडून आहेत आणि तुम्ही रिॲक्टरवर घेणार. चालू द्या.

नेरूळचे_काका

मी याच क्षेत्रात ३४ वर्षं नोकरी केली, आता रिटायर. कुठे, काय, ते विचारू नका.

लायसन्समधला बदल म्हणजे लोकांना वाटतं काहीतरी भयंकर. प्रत्यक्षात काय असतं सांगतो. एखाद्या व्हॉल्व्हची टेस्ट तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी घेऊ का, स्टँडबाय डिझेल जनरेटर दुरुस्तीला काढला तर किती दिवसांत परत आणायचा, पाण्यातल्या आयोडीनची मर्यादा कुठे धरायची. यावर प्लांटची कमिटी बसते, मग मुख्यालयाची, मग एईआरबीची, आणि प्रत्येक ठिकाणी तुमची सालटी काढणारा एक तरी माणूस असतोच. मी स्वतः एका पानाच्या प्रस्तावासाठी चाळीस पानांची उत्तरं लिहिली आहेत. त्यात बोईसर नाक्यावरचा माणूस काय भर घालणार? वीजबिल सगळ्यांना येतं म्हणून वीजदर सगळ्यांना कळतो, हा तो प्रकार नव्हे.

आणि तारापूरचंच घ्या. २००५-०६ मध्ये दोन्ही युनिट बंद ठेवून नवीन डिझेल जनरेटर बसवले, दोन्ही युनिटच्या सामायिक सिस्टीम वेगळ्या केल्या, सप्लिमेंटरी कंट्रोल रूम केली. कुठल्या मोर्चामुळे? कुठल्याच नाही. आतल्याच रिव्ह्यूमधून निघालं ते.

ऐरोलीकर_मूळचा_बोईसरचा

काका, काम चांगलंच झालं, मान्य. पण तेव्हा आम्ही बोईसरलाच होतो आणि आम्हाला एवढंच कळलं की प्लांट बंद आहे, कॉन्ट्रॅक्टची पोरं घरी बसली आहेत. का बंद आहे ते चहाच्या टपरीवर जो तो आपापल्या मनाने सांगत होता, एकजण तर म्हणे गळती झालीय. एक पान मराठीत लावलं असतं ग्रामपंचायतीत तर ही अफवा जन्मालाच आली नसती. अमेरिकेत बघा, तिथल्या नियामकाला लायसन्स बदलाची नोटीस छापावी लागते, ३० दिवस कॉमेंट, ६० दिवसांत सुनावणी मागता येते.

नेरूळचे_काका

अमेरिका सांगताय तर अर्धी सांगू नका. १९७९ ला थ्री माईल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, पुढच्या वर्षी इमारतीत साठलेला किरणोत्सारी क्रिप्टॉन वायू हळूहळू बाहेर सोडायचा ठरलं, त्यासाठी लायसन्सच्या अटीत बदल. शॉली नावाचा जवळ राहणारा माणूस कोर्टात गेला की आधी सुनावणी घ्या. अपील कोर्टाने त्याचं ऐकलं. मग काय झालं? १९८३ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच बदलला, की बदलात लक्षणीय धोका नाही असं नियामकाने ठरवलं तर बदल आधी लागू, सुनावणी मागाहून. आणि गंमत म्हणजे ह्या तरतुदीला नाव शॉलीचंच पडलं! जिंकला तो, आणि त्याच्या नावाने बंद झालं दार.

शिवाय सुनावणी मागायची तर तुमचा संबंध काय ते सिद्ध करा आणि तांत्रिक आधार असलेला किमान एक नेमका मुद्दा मांडा, नाहीतर अर्ज बाद. तुमच्या आईंना जमेल?

ऐरोलीकर_मूळचा_बोईसरचा

दार बंद नाही झालं काका, किलकिलं राहिलं. नोटीस छापावीच लागते की. आपल्याकडे भिंतच आहे, दार कुठाय.

आणि संबंधाचं म्हणाल तर तिथे लायसन्सच्या बऱ्याच प्रकरणांत ५० मैलांच्या आत राहणाऱ्याचा संबंध धरूनच चालतात. ५० मैल म्हणजे साधारण ८० किमी. मी काल नकाशावर पट्टी लावली. तारापूरपासून सरळ रेषेत ठाणे स्टेशन जेमतेम आत येतं आणि ऐरोली एक-दोन किमीने बाहेर. मी धागा काढला आणि मीच बाद 😄

घोडबंदरचा_खड्डा

म्हणजे मी आत! पहिल्यांदा घोडबंदरला राहायचा काही फायदा झाला.

नेरूळचे_काका

नाही झाला. लायसन्सच्या किरकोळ बदलाला नुसतं अंतर पुरत नाही, त्या बदलामुळे प्लांटबाहेर परिणाम होऊ शकतो हे दाखवावं लागतं. आपल्याकडे इमर्जन्सी प्लॅनिंगचा पट्टा १६ किमीचा आहे, प्लॅन जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. पालघर जिल्हा २०१४ ला वेगळा झाला, तेव्हा ठाणेकरांनी आता निवांत झोपावं.

वाशी_सेक्टर_सतरा

मी वीजदराच्या सुनावणीला खरोखर गेलेली बाई आहे, बेलापूरला, काही वर्षांपूर्वी. तुम्ही दोघंही गेला नसाल असं वाटतंय म्हणून लिहिते. सकाळी साडेदहाला गेले, टोकन घेतलं, दुपारी पावणेदोनला नंबर लागला. माझ्या आधी एका गृहस्थांनी लघुउद्योगांच्या डिमांड चार्जवर असं काही मांडलं की समोरच्या अधिकाऱ्यांची धावपळ झाली, फायली उघडल्या. आणि त्यांच्याही आधी अकरा जणांनी फक्त मीटर रीडिंगवाला येत नाही ही तक्रार केली. म्हणजे अकरा भाकड आणि एक नेमका. पण तो एक आला तो दार उघडं होतं म्हणूनच ना? अणुऊर्जेतही असे रिटायर लोक आहेतच की बाहेर, काकांसारखे. बोईसरच्या आईंना नाही कळणार, काकांना कळेल, आणि काका आईंच्या वतीने बोलतील. सध्या काकांनाही कुठे बोलायची सोय नाही.

दर वाढला तो वाढलाच, हेही सांगते.

दिवाळे_कोळीवाडा

जैतापूरचा अणुप्रकल्प विसरू नका कोणी. १६ मे २०१० ला माडबनला सुनावणी झाली, लोकांची पहिली तक्रार हीच की पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही. नियमात स्थानिक भाषेत फक्त सारांश द्यायचा आहे, जाडजूड बाड इंग्रजीत. त्याच वर्षी नोव्हेंबरला ३५ अटी घालून मंजुरी. मच्छीमारांचा मुद्दा काय होता, की कंडेन्सरचं गरम पाणी समुद्रात सोडणार, मग मासळीचं काय. हा प्रश्न विचारायला इंजिनिअर लागत नाही दादा, जाळं टाकणारा लागतो. माझ्या बापाला खाडीचं पाणी हाताला लागलं की कळायचं आज काही मिळणार का नाही. तर सुनावणी घ्या म्हणताना हे पण बघा की घेतलेली सुनावणी कशी असते. नुसता मांडव आणि पोलीस.

कळवा_एक्सरेवाला

मी एक्स-रे टेक्निशियन. कॅगचा २०१२ चा एईआरबीवरचा रिपोर्ट वाचा, देशातली ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे केंद्रं नोंदणीशिवाय चालू होती आणि नियम मोडला तर दंड फार तर ५०० रुपये. पाचशे! आता सुधारलंय बरंच, आमच्याकडे ऑनलाईन नोंदणी झाली. पण ते सुधारलं कधी, बाहेरच्या कोणीतरी छापल्यावर. आतल्या कमिट्या तेव्हाही होत्याच की काका.

आणि वाशीच्या मिनी सीशोअरवर भेळ खाताना समोर जी टेकडी दिसते ना, तुर्भ्याची (आपलं रेल्वे स्टेशनवालं नव्हे, खाडीपलीकडचं ट्रॉम्बे), तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रिॲक्टरवर तर २००० सालापासून एईआरबीचीही देखरेख नाही, त्यांची स्वतःचीच सेफ्टी कौन्सिल.

नेरूळचे_काका

कॅगचं मान्य. तेव्हा आमच्यातल्याही काही जणांना वाटलं बरं झालं छापलं. भाभाचा विषय सुरक्षेचा आहे, तो इथे नको.

आणि आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचं नवं शांती विधेयक मंजूर केलं, १९६२ चा अणुऊर्जा कायदा जाऊन एईआरबीला कायद्याने दर्जा मिळायची सोय झाली आहे. मंडळाला थोडा श्वास घेऊ द्या.

ऐरोलीकर_मूळचा_बोईसरचा

त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही दार उघडलंय काका. आजवर सरकारच प्लांटवालं होतं. उद्या एखादी कंपनी म्हणेल टेस्टचा मधला काळ वाढवून द्या, खर्च वाचतो. तेव्हा मला त्या कंपनीचा अर्ज वाचायला मिळायला हवा, जसा महावितरणचा मिळतो. एवढंच मागणं आहे हो.

नेरूळचे_काका

ठीक. मग हे मराठीत करून दाखवा. अमेरिकेत बदल किरकोळ आहे का ते तीन प्रश्नांवर ठरवतात. एक, आधी हिशोबात धरलेल्या अपघाताची शक्यता किंवा परिणाम लक्षणीय वाढतो का. दोन, नव्याच किंवा वेगळ्या प्रकारचा अपघात संभवतो का. तीन, मार्जिन ऑफ सेफ्टी लक्षणीय घटतं का. तिसऱ्याला तुमच्या आईला कळेल असा शब्द द्या. नियामक भवनातले लोक 'सुरक्षा सीमांत' लिहितील आणि तुम्हीच हसाल.

ऐरोलीकर_मूळचा_बोईसरचा

आत्ताच फोन केला. पहिले दोन प्रश्न वाचून दाखवले, म्हणाली यात न कळण्यासारखं काय आहे. तिसऱ्याला मी म्हणालो 'सुरक्षिततेची शिल्लक', तर म्हणते बँकेतली का? मग समजावलं, की पाइपला लागते त्यापेक्षा जास्त ताकद ठेवतात, वेळ आली तर कामी यावी म्हणून. ती चाळीस वर्षं ब्लाऊज शिवते. म्हणाली, 'म्हणजे माया. शिवणीत आत माया सोडतो तशी. मग सरळ माया म्हण की. आणि तारापूरची किती उरलीय?'

नेरूळचे_काका

माया. हं.

शब्द चोख आहे, ३४ वर्षांत सुचला नाही. पण त्यांना सांगा की ती एका आकड्यात नसते. प्रत्येक सिस्टीमची वेगळी, पाइपची वेगळी, पंपाची वेगळी, इंधनाच्या नळीची वेगळी. सगळी छापली तर हजार पानं होतील, कोण वाचणार?

ऐरोलीकर_मूळचा_बोईसरचा

विचारलं. म्हणाली दुपारी दोन ते चार मशीन बंद असते, तेव्हा वाचेन.