मदत हवी आहे: वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा थकवा आणि पायांच्या मुंग्या

राजारामपुरीकर: नमस्कार. माझ्या आईची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यानंतर वजन चांगले उतरले होते, परंतु आता ते पुन्हा वाढू लागले आहे; शिवाय तिला सतत थकवा वाटतो, घराचा जिना चढला तरी दम लागतो आणि रात्री दोन्ही पायांना मुंग्या येतात. वजन आटोक्यात आणणारा आणि थकवाही घालवणारा आहार कृपया लवकर सुचवावा. घरात लग्न तोंडावर आले आहे आणि तिची ही अवस्था मला पाहवत नाही.

रंकाळाप्रेमी: ताई, आईंना रोज पहाटे रंकाळ्यावर चालायला न्या आणि सकाळी कोमट पाण्यातून मध द्या. माझे वजन याच उपायाने उतरले आणि पुन्हा वाढले नाही.

भाकरी_झुणका: आपली शस्त्रक्रिया झालेली नव्हती, हे आपण लक्षात घ्यावे. जठराचा बायपास (अन्न जठराचा मोठा भाग टाळून थेट आतड्यात नेणारी वजनाची शस्त्रक्रिया) झालेल्या माणसाने उपाशीपोटी मध, उसाचा रस किंवा काकवी घेतली, तर साखर एकदम आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, पोटात कळ असा त्रास होऊ शकतो. शस्त्रक्रिया कोणती झाली हे कळल्याशिवाय मधाचा सल्ला देऊ नये.

गंगावेस: थकव्यावर दुधासारखे दुसरे काही नाही. आमच्या दूधकट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे दूध मिळते. ते घरी नेऊन उकळून रोज पेलाभर द्यावे. दुधात बी १२ असते, म्हणजे मुंग्याही थांबतील.

पथ्यपाणी: मी आहारसल्ल्याचे काम करते, म्हणून आधी काही विचारते. शस्त्रक्रिया स्लीव्ह (जठराचा बराचसा भाग कापून काढणारी) होती की बायपास? किती काळ लोटला? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, उलट्या होतात का आणि रक्ततपासणी शेवटची केव्हा झाली?

राजारामपुरीकर: बायपास, पुण्यात, साधारण चार वर्षांपूर्वी. उलट्या होत नाहीत. जीवनसत्त्वाच्या गोळ्या पहिले वर्षभर घेतल्या. तेव्हाचे अहवाल चांगले आले, म्हणून बंद केल्या. त्यानंतर तपासणी झालेली नाही. मात्र माझा प्रश्न आहाराचा आहे, गोळ्यांचा नाही.

पथ्यपाणी: ताई, उत्तर त्या गोळ्यांपाशीच सापडण्याची शक्यता अधिक आहे. अन्नातील बी १२ सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते आणि पुढे ते शरीरात शोषले जाण्यासाठी जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. बायपासमध्ये जठराचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. त्यामुळे दूध, अंडी किंवा मटण खाऊनही बी १२ पुरेसे मिळेल याची खात्री राहत नाही. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो, म्हणून पहिल्या वर्षाचा अहवाल चांगला येतो आणि कमतरता नंतर उघड होते. लोह आणि कॅल्शियम जिथे प्रामुख्याने शोषले जाते, तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही वगळलेला असतो. म्हणूनच बायपासनंतर पूरक गोळ्या आयुष्यभर आणि रक्ततपासणी निदान वर्षातून एकदा, असा नियम आहे. हिमोग्राम, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी १२, फोलेट (म्हणजेच फॉलिक अॅसिड), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन (कॅल्शियमचे प्रमाण राखणारे संप्रेरक) या तपासण्या याच आठवड्यात करून घ्या, कारण मज्जातंतूंना झालेली इजा फार काळ तशीच राहिली तर ती पूर्ण भरून येईलच असे नाही. तोवर केवळ फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करू नका. तिने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते.

तालीमवाला: तपासण्या कराव्यात, परंतु वजन वाढते ते जिभेवर ताबा नसल्यामुळे. आईंनी पांढरा रस्सा आणि लोणी डोसा सोडला की सर्व ठीक होईल.

भाकरी_झुणका: हे विधान अन्यायाचे आहे. वजन उतरल्यावर शरीर कमी उष्मांक खर्च करू लागते आणि भूक वाढवणारे बदलही घडतात. सर्वांत कमी वजन गाठल्यानंतर काही वजन परत येणे पुष्कळांच्या बाबतीत घडते. ज्या बाईने एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसली, तिला खादाड ठरवून कोणते भले होणार आहे? आपल्या तालमीतील एक गोष्ट मात्र तिला खरोखर उपयोगी पडेल. स्नायू टिकवणारा, झेपेल इतक्या वजनाचा व्यायाम तिने डॉक्टरांना विचारून सुरू करावा.

शाहूपुरी_२: माझ्या भावाचे वजन सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनने उतरले. आईंनाही तेच द्यावे.

पथ्यपाणी: या औषधाच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचार थांबवल्यानंतर वर्षभरात रुग्णांचे उतरलेले वजन सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. शस्त्रक्रियेनंतर वाढलेल्या वजनासाठी डॉक्टर ते देतात, हे खरे. परंतु भूक मंदावली की प्रथिनेही कमी पोटात जातात. काकूंना दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, म्हणून आधी कमतरता भरून काढणे महत्त्वाचे आहे.



पथ्यपाणी: ताई, आणखी एक विचारायचे राहिले. काकू इतर कोणती औषधे घेतात? मधुमेहाची किंवा दुखण्यावरची?

राजारामपुरीकर: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. गुडघे दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन, बहुतेक रोज.

पथ्यपाणी: मेटफॉर्मिनमुळे बी १२ आणखी कमी होऊ शकते, ते परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आयब्युप्रोफेनची काळजी मला अधिक वाटते. बायपासनंतर या प्रकारच्या वेदनाशामकांनी जठर आणि आतड्याच्या जोडापाशी व्रण होऊ शकतो, त्यातून थोडे थोडे रक्त जात राहते आणि लोह घटते. आजच डॉक्टरांना फोन करून त्याऐवजी पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारा. शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसला, तर तसेच रुग्णालयात जा.

राजारामपुरीकर: अहवाल आले. बी १२ आणि फेरिटिन दोन्ही बरेच कमी आहेत. डॉक्टरांनी बी १२ ची इंजेक्शने सुरू केली, आयब्युप्रोफेन बंद केले आणि दुर्बिणीने तपासणी करायला सांगितली आहे. लोह आणि कॅल्शियम सकाळच्या चहाबरोबर एकदमच दिले तर चालेल का?

पथ्यपाणी: चालणार नाही. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवा आणि लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर देऊ नका. लिंबूपाण्याबरोबर, साखर न घालता, द्या. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचे आहे ना, ते वेष्टनावर पाहा, कारण कार्बोनेट नीट शोषले जायला आम्ल लागते. दुर्बिणीच्या तपासणीत काय निघाले, ते इथे अवश्य कळवा.