मदत हवी आहे: गोल्डफिशच्या भरगच्च टाकीला दुसरा कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद फिल्टर) की संप (टाकीखालची वेगळी फिल्टर-टाकी)?

टाकी 4×1.5×1.5 फूट, प्रत्यक्ष पाणी साधारण 220 लिटर, 8 फॅन्सी गोल्डफिश. कॅनिस्टर ताशी 1200 लिटरचा: आधी जाड स्पंज, मग सिरॅमिक रिंग, शेवटी फिल्टर वूल. अमोनिया शून्य, पण नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, तेही माशांना विषारी) 0.25 पीपीएमखाली जात नाही. वूल आठवड्याच्या आत चोंदतं, प्रवाह निम्म्यावर येतो. त्यामुळे रिंगांवरच्या, नायट्राइट संपवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन कमी पडत असावा. स्पंज टाकीच्याच पाण्यात धुतो, आठवड्याला 40 टक्के पाणी बदलतो. (मासे कमी करा, हा सल्ला सोडून बोला.)

काच टफन्ड असल्याने भोक पाडता येणार नाही, म्हणून संपला ओव्हरफ्लो बॉक्स (काठावर टांगून सायफनने पाणी खाली संपमध्ये सोडणारा डबा) लागेल. पण वीज गेल्यावर त्याचा सायफन तुटला, तर वीज येताच संपमधला पंप टाकी भरत राहणार आणि पाणी फरशीवर. यावर भरवशाचा उपाय कोणता? की एअरपंपवरचे दोन मोठे स्पंज फिल्टर पुरतील?