मदत हवी आहे: रेल्वेत बॅग बदलली, आत लग्ननोंदणीचे कागद आहेत (तातडीचं)

मांड्याचं_खापर
नमस्कार मंडळी. आज सकाळी मी आणि बायको मुंबईहून गावी आलो. घरी येऊन बॅग उघडली तर बॅग आमची नाही. निळा रंग तोच, चाकं तशीच, आकारही तोच. आमच्या बॅगेत लग्ननोंदणीचा भरलेला फॉर्म आहे, त्यावर तिन्ही साक्षीदारांच्या आणि भटजींच्या सह्या झालेल्या आहेत. शिवाय लग्नपत्रिका, फोटो आणि हिचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला. सोमवारी नगरपालिकेत जायचं ठरलंय, नोंदणीच्या मुदतीचे नव्वद दिवस संपत आलेत. परत स्टेशनवर धावलो, पण गाडी केव्हाच पुढे गेली होती. रेल्वेत कुणाची ओळख आहे का? लवकर सांगा. आणि 'बॅगेला ओळखीची रिबीन बांधायची असते' हे ज्ञान कृपया नको, ते सासऱ्यांनी फोनवर दिलं आहे.

निवृत्त_गार्ड
गाडी कोणती? डबा कोणता? उतरलात कुठे? तिकीट कुणाच्या नावावर? यातलं काहीच लिहिलेलं नाही. 'गावी' नावाचं स्टेशन माझ्या नोकरीत मी पाहिलं नाही.

तापीकाठचा
मुंबईहून म्हणजे नाशिक-मनमाडवरूनच आला असणार. चाळीसगाव आणि पाचोऱ्याला विचारा. गाडी भुसावळच्या पुढे जाणारी असेल तर मात्र अवघड आहे, बॅग आता इटारसीला पोचली असेल.

भरीतवाला
म्हणून मी सांगतो, ट्रॅव्हल्सने यावं. बॅग डिकीत, चिठ्ठी खिशात. आम्ही रेल्वे सोडून दिली.

तापीकाठचा
@भरीतवाला, आणि ट्रॅव्हल्स पहाटे चार वाजता हायवेवर उतरवून देते त्याचं काय? बायकापोरांना घेऊन उड्डाणपुलाखाली कोण उभं राहणार? प्रश्न काय, उत्तर काय.

सुमनमावशी
अरे, लग्नाला तीन महिने होत आले आणि नोंदणी अजून व्हायची आहे? आमच्या भाचीने हळद उतरायच्या आत करून घेतली. पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, असेल ना सूनबाईंची? माहेर कुठलं? झोका बांधला का?

धुळेकर_वकील
दोन गोष्टी. एक, नव्वद दिवस उलटले म्हणून नोंदणीचा दरवाजा बंद होत नाही, जादा शुल्क भरून नंतरही होते. महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा आहे, त्यात नोंदणी राहिली म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सगळ्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, ते आहेच. दोन, दुसऱ्याची बॅग तुमच्याकडे आहे. तिला हात लावू नका, पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात द्या. उद्या समोरचा म्हणाला की त्यात दोन तोळे होते, तर काय दाखवाल?

आयटीतला_जळगावकर
वकीलसाहेब, बॅग पोलिसात दिली की ती तिथेच राहील आणि ह्यांचीही मिळणार नाही. सरळ उघडून बघा, आत काहीतरी पत्ता, औषधाची चिठ्ठी, बिल असेलच.

धुळेकर_वकील
भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ वाचा. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे वापरणं गुन्हा आहे.

आयटीतला_जळगावकर
तुम्हीच लिहिलंत, अप्रामाणिकपणे. मालक शोधून परत द्यायला उघडली तर त्यात अप्रामाणिक काय?

धुळेकर_वकील
शोधण्यासाठी ठेवली तर गुन्हा नाही, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. मी गुन्हा म्हटलंच नाही, पुराव्याचं बोलतोय. उघडायचीच असेल तर शेजारचा माणूस समोर बसवा आणि मोबाइलवर चित्रण करा.

मांड्याचं_खापर
अहो, मी बॅगेचा खटला चालवायला धागा काढलेला नाही. गाव म्हणजे अमळनेर, आणखी कुठलं असणार? गाडी रात्रीची दादरची खान्देश एक्स्प्रेस. स्लीपरचा डबा. तिकीट मेव्हण्याने काढलं, ते त्याच्या फोनवर आहे आणि तो आता शेतात आहे, फोन लागत नाही. आमची बॅग कुठे आहे ते सांगा.

निवृत्त_गार्ड
आता कसं. तापीकाठचे साहेब, तुमचं चाळीसगाव-पाचोरा खोडून टाका. ही गाडी मनमाडला जातच नाही, ती बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबारवरून येते. आणि इथे बरेच लोक फसतात म्हणून सांगतो: अमळनेर पश्चिम रेल्वेत येतं, मुंबई विभागात. जळगाव आणि भुसावळ मध्य रेल्वेत. म्हणजे बॅग तुमच्या स्टेशनच्या आधी उतरली असेल तर पश्चिम रेल्वेला विचारायचं आणि गाडीत पुढे गेली असेल तर भुसावळला. भलत्या खिडकीवर उभं राहिलात तर अख्खा दिवस तिथेच जाईल.

पहिलं काम, १३९ ला फोन करून तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या. रेलमदद ॲपवरही होते. त्यासाठी पीएनआर लागेल, मेव्हण्याला बांधावरून बोलवा. रेल्वे सुरक्षा दलाचं 'ऑपरेशन अमानत' म्हणून आहे, सापडलेल्या सामानाचे फोटो ते रेल्वेच्या वेबसाइटवर टाकतात, तेही बघत राहा. चोरी वाटत असेल तर गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात, ते राज्य सरकारचे. सुरक्षा दल वेगळं, लोहमार्ग पोलीस वेगळे. दोन्ही खाकीत असतात म्हणून लोक गोंधळतात.

आता खरा प्रश्न. तुम्ही उतरताना बर्थखाली निळ्या बॅगा दोन होत्या की एकच? दोन असतील तर तुम्ही चुकीची उचलली आणि तुमची पुढे गेली. एकच असेल तर तुमची आधीच कुणीतरी नेली.

भरीतवाला
व्वा काका. पोलिसात हवे होतात तुम्ही.

मांड्याचं_खापर
ते मी कसं सांगू, मी दारात उभा होतो. उतरायची घाई होती.

मिसेस_खापर
मी ह्यांची मिसेस. निम्मं ह्यांनी सांगितलंच नाहीये, म्हणून खातं काढावं लागलं. बॅग एकच होती, मी स्वतः ओढून काढली. नंदुरबार गेल्यावर मला डोळा लागला होता. समोरच्या बर्थवर एक ताई होत्या, तान्हं बाळ घेऊन. नंदुरबारपर्यंत आम्ही बोलत होतो. मी जागी झाले तेव्हा त्या उतरलेल्या होत्या. हे मी ह्यांना सकाळीच सांगितलं, पण ह्यांना स्टेशनवर पळायचं होतं.

@सुमनमावशी, माझं माहेर पारोळा. झोका बांधलाय, पण दाखला सापडेपर्यंत मला जाऊ देत नाहीयेत.

अहिराणी_लेक
वहिनी, घाबरू नका. सापडी जाई बठ्ठं. त्या ताई आखाजीले माहेर जाई राहिन्या व्हत्या का सासरले? काही बोलन्या का?

मिसेस_खापर
आखाजीला निघाले एवढं म्हणाल्या. पण गाव विचारायचं राहिलं, बाळाच्या पोटदुखीवरच बोलत बसलो. जायफळ उगाळून द्या म्हटलं मी.

तापीकाठचा
जायफळ नको. ओवा आणि बाळहिरडा. उन्हाळ्यात जायफळ जड पडतं.

सुमनमावशी
तान्ह्याला काहीच देऊ नये, डॉक्टरला दाखवावं. आता बॅगेत काय आहे ते सांग बाई.

मिसेस_खापर
शेजारच्या काकूंना समोर बसवून उघडली, वकीलसाहेब, आणि दिराने चित्रण केलं. दोन साड्या, झबली, दुपटं, बाळाची मालिशची बाटली, एक स्टीलचा डबा आणि वाटी-चमचा. ओळखपत्र, चिठ्ठी, बिल काही नाही. पण डब्यावर आणि वाटीवर मशीनने नाव टाकलेलं आहे. डब्यावर 'चि. सौ. कां.' करून एका मुलीचं नाव, खाली देणाऱ्याचं नाव आणि शहादा. वाटीवर बाळाचं नाव, 'मामांकडून' आणि मामाचं नाव, दोंडाईचा. ह्यांचं म्हणणं शहाद्याला फोन करू, डबा मोठा आहे.

मांड्याचं_खापर
डबा मोठा आहे असं मी म्हटलेलं नाही. डब्यावर तिचं स्वतःचं नाव आहे, म्हणून तिथलं गाव तिचं, असं म्हटलं.

सुमनमावशी
पुरुषांना आहेराचं काही कळत नाही. लग्नातल्या भांड्यावर गाव घालतात ते देणाऱ्याचं. तो आत्या असेल, मावशी असेल, वडिलांचा मित्र असेल. माझ्या फडताळात एरंडोल, साक्री, चोपडा, यावल सगळी गावं आहेत, मी तिथं कधी राहिले का? वाटी बघा, वाटी. 'मामांकडून' म्हणजे बाळाचं आजोळ दोंडाईचा. बाई आखाजीला निघाली होती म्हणजे माहेरी निघाली होती. तिचं माहेर तेच बाळाचं आजोळ.

निवृत्त_गार्ड
आणि नंदुरबार सोडलं की अमळनेरच्या आधी दोंडाईचा येतंच. शहाद्याला तर रेल्वेच नाही. शहाद्याचं असतं तर नंदुरबारलाच उतरून एस. टी. धरली असती, आणि नंदुरबारपर्यंत तर वहिनी त्यांच्याशी बोलत होत्या. मावशी, मानलं.

आयटीतला_जळगावकर
मामा पुण्यात नोकरीला असला तर? आमच्यात निम्मे मामा हिंजवडीत आहेत.

सुमनमावशी
तरी वाटीवर गाव दोंडाईचाच टाकतो रे. हिंजवडी कोण टाकतं?

मांड्याचं_खापर
तर मंडळी, मामाचं पूर्ण नाव असं आहे:
[संपादकांनी काढले]

संपादक
कुणाचंही नाव, फोन धाग्यावर टाकू नये. व्यनि (खाजगी निरोप) करा. बाळाच्या औषधांची चर्चा इथेच थांबवा.

अहिराणी_लेक
माले व्यनि करा वहिनी. मना मावसभाऊनं दोंडाईचाले दुकान शे, आडनाव सांगं म्हंजे तो घर दखाडी दी.

धुळेकर_वकील
तोपर्यंत एक महत्त्वाचं. सह्यांचा फॉर्म हरवला म्हणून एवढा आकांत चाललाय, पण साक्षीदार तिघेही निबंधकासमोर प्रत्यक्ष हजर लागतात, स्वतःच्या ओळखपत्रासह. घरी सही घेऊन कागद नेला आणि झालं, असं नसतं. ते सोमवारी येणारच असतील तर तोच फॉर्म, म्हणजे नमुना 'ड', नवा भरता येतो. मूळ दाखल्याची मात्र चिंता करा, शाळेतून दुय्यम प्रत काढायला वेळ जातो.

मांड्याचं_खापर
प्रत्यक्ष? तिघेही? आमचे मामा सह्या करून सुरतला गेलेसुद्धा. मित्र चाकणला आहे. हे मला कुणी सांगितलंच नाही. भटजी गावातच आहेत, ते साक्षीदार म्हणून चालतात का?

धुळेकर_वकील
भटजींची सही त्यांच्या जागी, साक्षीदार वेगळे तीन. लग्नाला हजर असलेला कुणीही चालतो. आजी, काका, शेजारी.

भरीतवाला
जेवणाच्या पंगतीला सहाशे लोक होते म्हणे, आणि साक्षीला तीन मिळत नाहीत.

मांड्याचं_खापर
तुम्ही आला होता का लग्नाला? मग गप्प बसा.

तापीकाठचा
अवांतर: लग्न कुठल्या कार्यालयात झालं? वरण-बट्टी होती का? आमच्याकडे जुलैमध्ये आहे, आचारी शोधतोय.

मिसेस_खापर
होती. घोटलेली वांग्याची भाजीही होती. आचाऱ्याचा नंबर संपादक काढून टाकतील, व्यनि करते.

अहिराणी_लेक
घर सापडनं. बॅग तठेच शे. त्या ताईंनीबी सकाळपाशी आपली म्हनीसन तुमन्या बॅगवर नंबर शोधा, पन कागदवर फक्त पत्ता व्हता, फोन नही. त्यासना भाऊ उद्या पॅसेंजरनी अमळनेरले येवाव शे, बॅग लई.

निवृत्त_गार्ड
देताना-घेताना एक साधी पोच लिहून घ्या, दोघांच्या सह्यांनी. आणि १३९ वर सामान मिळाल्याचं कळवून तक्रार बंद करा. लोक हे करत नाहीत आणि सुरक्षा दलाचा माणूस बिचारा स्टेशनं पालथी घालत बसतो.

मांड्याचं_खापर
बॅग मिळाली. सगळ्यांचे आभार, मावशींचे जास्त. दाखला कोरडा आहे. फॉर्मवर मात्र लोणच्याच्या तेलाचा डाग पसरलाय, बरोबर भटजींच्या सहीवर. बरणी आमचीच होती. चालेल का हा फॉर्म, की भटजींकडे परत जाऊ? ते उद्यापासून लग्नांच्या तिथींमध्ये अडकलेत, आज रात्रीच गाठावं लागेल.

धुळेकर_वकील
नवा भरा. आजच जा.

आयटीतला_जळगावकर
सही वाचता येते ना? मग कशाला? चालून जाईल.

सुमनमावशी
लोणचं कशाचं होतं? कैरी अजून कुठे पाडाला आलीये?

मिसेस_खापर
मागच्या वर्षीचं, मावशी. सासूबाईंनी मुंबईला दिलं होतं, ते मी बरणी परत करायची म्हणून आणत होते. हे आत्ता भटजींकडे निघालेत, सोबत नवा फॉर्म दिलाय. मी सकाळच्या एस. टी.ने पारोळ्याला चालले आहे. सोमवारी सरळ नगरपालिकेत येईन, येताना बाबांना आणि काकांना घेऊन. दोन साक्षीदार झाले. तिसरा ह्यांनी शोधावा.