इंग्रजी घेऊन बी.एड. केलं आणि काम मात्र शाळेबाहेर: तुमचे अनुभव

तलावपाळी
आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. माळा रिकामा करताना खाकी कव्हरची सरावपाठांची फाइल सापडली आणि सगळं टाकून तासभर फरशीवर फतकल मारून वाचत बसले. माझं बी.एड. २०१० चं, तेव्हा एका वर्षाचं होतं. मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, इंग्रजी आणि इतिहास.

सहावीच्या एका टाचणात, म्हणजे पाठाच्या आराखड्यात, मी उद्दिष्ट लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याला विशेषण समजेल'. मॅडमनी लाल पेनाने 'समजेल' खोडून समासात लिहिलंय, 'समजलं हे तुला कसं दिसणार?' खाली माझं दुरुस्त वाक्य: 'विद्यार्थी परिच्छेदातली विशेषणं अधोरेखित करतो.'

पुढे दोन वर्षं विनाअनुदानित शाळेत काढली. २०१२ ला भरतीबंदी आली आणि मी आशा सोडली. मैत्रिणीने ऐरोलीतल्या एका ई-लर्निंग कंपनीत बायोडेटा दिला. तिथली परीक्षा अशी: आग विझवायचा लाल सिलिंडर कसा वापरायचा, ते कारखान्यातल्या कामगाराला दहा स्क्रीनमध्ये शिकवा. मी सवयीने आधी उद्दिष्टच लिहिलं: 'कामगार पिन ओढतो, नळी आगीच्या बुडाशी धरतो, खटका दाबतो.' त्या ओळीवर नोकरी लागली. आज इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, म्हणजे असे स्क्रीनवरचे धडे रचते, आणि नवीन मुलांच्या स्टोरीबोर्डवर (स्क्रीनवार कच्च्या आराखड्यावर) तेच लिहिते, समजलं हे कसं दिसणार? मॅडम आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

तुम्ही कुठे कुठे पोचलात? लिहा ना.

वरणभात
वाचतेय. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

कोपरखैरणेकरीण
मी सबटायटल्स करते, घरूनच. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं आणि ओळी दोनच. पात्र घडाघडा बोलत असतं, त्यातलं ठेवायचं काय? सारांशलेखन शिकवताना मुलांना पेन्सिलने फालतू शब्द खोडायला लावायचे, तेच आता दिवसभर करते. प्रत्येक 'अगं' आणि 'बघ' इंग्रजीत आणायचा नसतो हे कळायला सहा महिने गेले. सासूबाई हल्ली सिनेमा संपला तरी टीव्हीसमोरून उठत नाहीत, शेवटी माझं नाव येतं का बघतात.

महापे_एमआयडीसी
टेक्निकल रायटर. पंपांची मॅन्युअल लिहितो. एका वाक्यात एकच कृती, आणि इशारा कृतीच्या आधी. पाठ होतं मला, पण पटलं ते एका फिटरमुळे. 'व्हॉल्व्ह उघडा' ही चौथी पायरी आणि 'आधी प्रेशर शून्यावर आणा' ही सूचना तिच्या खाली छापलेली. तो ओळीओळीने वाचत काम करत होता. गरम पाण्याने हात भाजला त्याचा. लिहिलं दुसऱ्याने होतं, तपासलं मी होतं. तेव्हापासून प्रत्येक मसुदा घेऊन शॉपफ्लोअरवर जातो, कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगतो आणि तो कुठे अडतो ते बघत उभा राहतो. पाठनिरीक्षणाला मागच्या बाकावर वही घेऊन बसायचो ना, तसंच.

गोखलेरोड
@तलावपाळी कुठली बिल्डिंग गं? आमचीही पुढच्या वर्षी जातेय. भाडं किती देतायत?

तलावपाळी
व्यनि करते. दोन महिन्यांचं आगाऊ मागा, एवढं इथेच सांगते.

रात्रपाळी
ऐरोली वाचलं आणि राहवलं नाही. मी तिथेच कॉल सेंटरला ट्रेनर. आपल्या मुलांचं इंग्रजी वाईट नसतं, व आणि व्ह मध्ये गोची होते. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आरशासमोर म्हणून घेते. ओठ गोल झाले तर डब्ल्यू, वरचे दात खालच्या ओठाला टेकले तर व्ही. घणसोलीचा एक मुलगा तीन दिवस तोंडच उघडेना. त्याला एकट्याला बसवलं, सहा मिनिटं बोल, मग फीडबॅक, परत सहा मिनिटं. बी.एड.च्या सूक्ष्मपाठाचं, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या सरावपाठाचं तंत्र, दुसरं काही नाही. आता टीम लीडर आहे तो. ठाणे लोकल आली, पळते.

चरईकर
वाचून बरं वाटलं सगळ्यांचं. मी शाळेतच राहिले, २२ वर्षं झाली. बाहेर पगार बरा, मान्य. पण आमच्याकडे दोन वर्षं इंग्रजीला शिक्षक नाही, गणिताचे सर शिकवतात. तुमच्यासारखी माणसं बाहेर गेली याचा राग नाही, जीव तुटतो एवढंच.

महापे_एमआयडीसी
ताई, मला शनिवारी सुट्टी असते. शाळेला चालणार असेल तर येतो. मनापासून म्हणतोय.

चरईकर
सोमवारी विचारते मुख्याध्यापकांना. आठवीचा वर्ग द्यायला सांगेन, त्यांनाच जास्त गरज आहे.

पनवेलची_मावशी
भाची बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत नाही जायचं म्हणते. कुठला कोर्स लावू?

तलावपाळी
मावशी, कोर्सचे पैसे सध्या ठेवा. तिच्याकडे टाचणं असतील, त्यातलं एक मोठ्या माणसासाठी नव्याने लिहू दे. आजोबांना यूपीआयने पैसे पाठवायला शिकवायचंय, आठ स्क्रीन. नंबर चुकीचा टाकला तर काय, तेही त्यात हवं. असे तीन नमुने तयार ठेवायचे. मी स्वतः मुलाखती घेते, सर्टिफिकेटवरून नजर फिरवते आणि नमुना शेवटपर्यंत वाचते. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही देऊन ठेवू दे हं. मन बदललं तर दार उघडं असावं.

वरणभात
पोरं झोपली एकदाची. मी बेलापूरला, न्हावाशेवा बंदराचं काम करणाऱ्या सीएचए, म्हणजे कस्टम्स एजंटच्या ऑफिसात. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मालाची पावती, तपासते. कन्साइनीच्या (माल घेणाऱ्याच्या) नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की दुरुस्तीचे पैसे वेगळे, आणि तोवर कंटेनर बंदरात भाडं खात पडून. वह्या तपासून तपासून डोळा असा झालाय की चूक आधी दिसते, मजकूर नंतर. पेन अजून लालच लागतं. ५ सप्टेंबरला ऑफिसातल्या मुलांनी माझ्या टेबलावर लाल पेनांचा अख्खा डबा आणून ठेवला होता.